जेवणाचे निमित्त, औषध गाडीला

पुणे : सुटीच्या दिवशी सकाळी फियाट, अँबॅसिडर, एखादी मॉरिस अशा जुन्या मोटारी रांगेने शहराबाहेर पडताना दिसल्या, की बघ्यांना ती केवळ हौस वाटते. हौस असतेच. परंतु शिरूर किंवा दौंडकडे 'जेवायला' निघालेल्या या ताफ्याचे खरे प्रयोजन वेगळे असते. जुनी गाडी चालवून जितकी झिजते, त्याहून अधिक ती उभी राहून बिघडते. ब्रेकचे रबर कडक होते, बॅटरी उतरते, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सुकून चिकट थर साचतो. इंजिन तासभर पूर्ण तापले, म्हणजे तेलात शिरलेली ओलही उडून जाते. महिना-दोन महिन्यांतून अशी एक फेरी म्हणजे गाडीला दिलेले औषधच.

त्यासाठी ही वाट सोयीची आहे. नगर रस्त्याने रांजणगाव, शिरूर. तेथून न्हावरे, भीमा ओलांडून पारगाव, केडगाव-चौफुला आणि सोलापूर रस्त्याने परत. पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपासच्या या फेरीत घाट नाही. ड्रम ब्रेकच्या गाडीला खंडाळ्याची उतरण किंवा कात्रजचा चढ जाचक ठरतो. येथे तो प्रश्न येत नाही. अडचण येते ती वाघोली ते शिक्रापूरच्या कोंडीची. या गाड्यांचा पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. गाडी जागेवर उभी राहिली, की तो मंदावतो आणि रेडिएटरचे पाणी उकळू लागते. म्हणून निघायचे ते उजाडतानाच.

दुपारी हुरडा किंवा मटण-भाकरीवर ताव मारून झाला, की दुसरी परीक्षा असते. इंजिन बंद केल्यावर त्याची धग पेट्रोल पंपाला व कार्ब्युरेटरला लागते, पेट्रोलची वाफ होते आणि गाडी सुरू होत नाही. जेवताना बॉनेट उघडे ठेवणे आणि पंपावर ओले फडके टाकणे हा फियाटवाल्यांचा जुना इलाज आजही चालतो. गळिताच्या हंगामात परतीची घाईही करावी लागते. डायनॅमोवरचे दिवे मिणमिणते आणि समोर उसाच्या ट्रॉल्या, त्यांनाही मागे दिवा असेलच असे नाही.

कायद्याचा भागही समजून घ्यायला हवा. केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या आणि मूळ सांगाडा व इंजिनात मोठा बदल न केलेल्या खासगी वाहनाला 'व्हिंटेज' नोंदणी मिळते. शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे. नव्या नोंदणीत क्रमांकामध्ये 'व्हीए' ही अक्षरे असतात. आधीचा क्रमांक असल्यास तो कायम ठेवता येतो. मात्र असे वाहन प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे व देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. मग जेवणाची सहल रॅलीत मोडते का? नियमांत जेवणाचा उल्लेख नाही. तेव्हा मार्ग आणि सहभागी गाड्यांची यादी आयोजकांनी आधीच लेखी ठेवणे शहाणपणाचे. १९८५ मध्ये नोंदलेल्या पद्मिनीला हे बंधन नाही. ती २०३५ पर्यंत व्हिंटेज ठरतच नाही. तिला दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते.

यापुढची कसोटी मात्र इंधनाची आहे, आणि तिचे मूळ याच वाटेवर दुतर्फा उभे आहे. न्हावऱ्याला घोडगंगा, पाटसला भीमा हे साखर कारखाने. सारा टापू उसाचा. देशात साखर उद्योगातून इथेनॉल तयार होते आणि २०२५ मध्ये पेट्रोलमधील त्याचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. ऊस उत्पादकाला त्याचा लाभ आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु १९६० च्या दशकातील रबरी नळ्या आणि गॅस्केट या मिश्रणासाठी घडवलेली नव्हती. इथेनॉल ती फुगवते वा ठिसूळ करते, टाकीतला जुना गाळ सोडवून जेटमध्ये अडकवते. शिवाय ते हवेतील ओल ओढते. नळ्या आणि गॅस्केट इथेनॉलला टिकणारी बसवता येतात. कार्ब्युरेटरचे जेट थोडे मोठे करून मिश्रण जुळवता येते. टाकीचे तसे नाही. फेरीहून परतलेली गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल, तर तिच्या टाकीत शिल्लक पेट्रोल ठेवू नये.