बाळ येतंय, दातांना सुट्टी नाही!

चौथा महिना. सोमवारची सकाळ, साडेआठची कंपनीची बस गाठायची घाई आणि बेसिनमध्ये गुलाबी फेस! हिरड्यांतून रक्त. जोरात ब्रश केला असेल, म्हणून सोडून दिलं. मग ते रोजचंच झालं. मी काय केलं? ब्रश करणंच कमी केलं!

पुण्यात एका डेंटिस्टकडे गेले. ‘प्रेग्नंट आहात? मग डिलिव्हरीनंतर या,’ एवढंच उत्तर मिळालं. डेडलाइन होतीच, मीही विषय बंद केला.

सातव्या महिन्यात माहेरी, खांडबाऱ्याला आले. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. तोवर हिरड्या टम्म सुजलेल्या. डोहाळजेवणाच्या ताटातली पुरणपोळीही नीट चावेना. काकूने पदराआडून डबी काढली. ‘लाव थोडी. काही व्हत नही, पोरी!’ डबीत होती मिश्री, म्हणजे आपली मशेरी. चार दिवस लावली. ठणका कमी झाल्यासारखा वाटला. पाचव्या दिवशी सकाळी माझा हात आपणहून डबीकडे गेला आणि मी चरकले.

भाजलेली तंबाखू!
मशेरी म्हणजे भाजून कुटलेली तंबाखू. हिरडीवर चोळली की निकोटिन थेट रक्तात जातं आणि तिथून बाळापर्यंत. मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांवरचा एक अभ्यास २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. त्यात मशेरीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी भरली. सिगरेटला नाक मुरडणाऱ्या आपल्या घरांत ही डबी मात्र ‘दंतमंजन’ म्हणून खपते.

मग नंदुरबार गाठलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी खुर्चीत माझ्या उजव्या कमरेखाली उशी सरकवली, म्हणजे पोटाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडत नाही. अर्ध्या तासात स्केलिंग झालं. बस्स! यासाठी मी तीन महिने थांबले होते?

हे होतं कशामुळे?
या काळात प्रोजेस्टेरॉन वाढतं. दातांवरच्या साध्या किटणालाही हिरड्या जास्त चिडतात, सुजतात, रक्त येतं. निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना हा त्रास होतो. उलट्यांमधलं आम्ल दातांचं वरचं कवच मऊ करतं. ‘बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम खातं’ हे आईचं लाडकं मत, पण ते खरं नाही. बाळाला कॅल्शियम मिळतं ते आहारातून, कमी पडलं तर आईच्या हाडांतून.

हिरड्या साफ केल्या की अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं टळतात का? २००६ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात तसं दिसलं नाही. पण उपचार आईला आणि बाळाला सुरक्षित आहेत, हे मात्र त्यात दिसलं. आणि दुखणं थांबतं, घास चावता येतो, हे काय कमी आहे?

हे लक्षात ठेवा
• बाळाचं प्लॅनिंग करतानाच दात तपासून घ्या.
• स्केलिंग, फिलिंगला चौथा ते सहावा महिना सगळ्यात सोयीचा. ठणका किंवा सूज असेल तर कधीही जा.
• उलटीनंतर लगेच ब्रश नको. कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरा, अर्ध्या तासाने ब्रश करा.
• गरोदर असल्याचं डेंटिस्टला आधी सांगा. टेट्रासायक्लिनसारखी औषधं बाळाच्या दातांवर डाग पाडतात. मनाने गोळ्या घेऊ नका.
• एक डॉक्टर ‘नंतर या’ म्हणाले, तर दुसऱ्यांना विचारा.

लेक आता पाच महिन्यांची आहे, ठणठणीत. काकूची डबी अजून पदराआड असतेच. पण परवा शेजारची सून दात धरून आली, तेव्हा काकूने डबी काढली नाही. म्हणाली, ‘नंदुरबारला जा.’