स्लॅब तापतो, रात्र जागवतो

नवतपा लागला की गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावात दुपारी बाहेर पडणे नकोसे होते आणि रात्री स्लॅबच्या घरात झोपणेही. धानपट्ट्यातल्या या भागात जुनी घरे मातीच्या भिंतींची, कवेलूंच्या छपराची. त्यांची जागा आता सिमेंटच्या स्लॅबने आणि टिनाच्या पत्र्यांनी घेतली आहे. दरवर्षी कवेलू फेरण्याची कटकट संपली, पण घरातला उकाडा वाढला.

दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळनंतर ती उष्णता खोलीत सोडत राहतो आणि पंखा तीच गरम हवा फिरवतो. दिवसभर उन्हाने शिणलेल्या शरीराला रात्रीही निवायला वेळ मिळाला नाही, तर झोप मोडते आणि हृदयावरचा ताण उतरत नाही. वृद्ध, तान्ही मुले आणि हृदयविकाराचे रुग्ण यांना त्याचा त्रास अधिक होतो.

उष्णता वरच्या वर अडवण्यासाठी कडक फोमचे बोर्ड वापरतात. थर्माकोल हा त्यातला सर्वांच्या ओळखीचा प्रकार. त्यात सुमारे 98 टक्के हवाच असते. बारीक कप्प्यांत कोंडलेली ही हवा हलत नाही, म्हणून उष्णता सहज पुढे सरकत नाही. 5 सेंटिमीटर जाडीचा थर्माकोल जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवायला 2 मीटर जाडीचे काँक्रीटही अपुरे पडेल. एक्सपीएस बोर्ड याच कुळातला, पण अधिक घट्ट आणि पाणी कमी शोषणारा. म्हणून गच्चीसाठी तो बरा. शीतगृहांत दिसणारा ‘पफ’, म्हणजे पॉलीयुरेथेन फोम, तेवढ्याच जाडीत या दोघांपेक्षा जास्त उष्णता अडवतो.

बोर्ड कुठे बसवला, यालाही महत्त्व आहे. तो स्लॅबच्या वर असेल तर स्लॅब मुळात तापतच नाही. मात्र बोर्ड उघडा ठेवता येत नाही. उन्हाने तो ठिसूळ होतो. त्यावर जलरोधक थर आणि काँक्रीट किंवा फरशी हवीच. पाणी मुरले तर त्याचा उपयोग घटतो.

अनेक जण मात्र स्वस्तात काम व्हावे म्हणून खोलीच्या आतून, वायरी आणि चुलीच्या वर, उघडा थर्माकोल लावतात. हे धोक्याचे आहे. थर्माकोल 100 अंशांच्या आसपासच मऊ पडतो आणि पेटला की जळते थेंब खाली पडतात. पफ जळताना कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायूही निघतो. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला 14 जून 2017 रोजी लागलेल्या आगीत 72 जणांचा जीव गेला. तिथे आग पसरवण्यात बाहेरील आवरणातील प्लॅस्टिकचा वाटा सर्वांत मोठा होता, पण त्यामागचा फोमही त्या आगीत जळाला. म्हणून आग-रोधक दर्जाचाच बोर्ड घ्यावा आणि आतून लावायचाच असेल तर तो जिप्सम बोर्डने किंवा प्लास्टरने पूर्ण झाकावा.

फोम घर थंड करत नाही, तो फक्त बाहेरची उष्णता अडवतो. आत शिरलेली उष्णता बाहेर जावी म्हणून रात्री खिडक्या उघड्या हव्यात. बोर्डचा खर्च झेपत नसेल, तर उन्हाळ्याआधी गच्चीला पांढरा चुना मारावा. तेवढ्यानेही स्लॅब कमी तापतो.