‘यशस्वी’ अल्बम म्हणजे नेमका कोणता? सिनॉप्सिस टाईप करण्याआधी

सिनॉप्सिसच्या शीर्षकात ‘लोकप्रिय’, ‘यशस्वी’ किंवा ‘प्रभावी’ यांपैकी एखादा शब्द असेल तर जरा थांबा. मी थांबलो नव्हतो. माझं पहिलं शीर्षक होतं ‘मराठी भाषक प्रदेशातील व्यावसायिकदृष्ट्या यशस्वी रॅप संगीत : एक चिकित्सक अभ्यास’. समितीतल्या एका मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, “यशस्वी कशावरून?” मी म्हणालो, यूट्यूबला भरपूर व्ह्यूज आहेत. “व्ह्यूज म्हणजे यश, हे कुणी ठरवलं?” पुढची दहा मिनिटं मी जे काही बोललो ते न आठवलेलंच बरं. सिनॉप्सिस परत आला आणि पुढच्या बैठकीची वाट बघण्यात सहा महिने गेले. फेलोशिप नसलेल्या विद्यार्थ्याचे सहा महिने म्हणजे काय, हे सीएचबीवर तास घेणाऱ्याला विचारा.

त्या सहा महिन्यांत जे शिकलो ते एका अल्बमच्या उदाहरणावरून सांगतो. अल्बम न्यूयॉर्कचा आहे. पण विषय आपल्या विद्यापीठ गेटपर्यंत येतो, धीर धरा.

मॉब डीप ही हॅवॉक आणि प्रॉडिजी या दोघांची जोडी. क्वीन्सब्रिज ही न्यूयॉर्कमधली प्रचंड मोठी सरकारी वसाहत, तिथलं जग त्यांच्या गाण्यांत आहे. त्यांचा पहिला अल्बम १९९३ साली आला आणि पडला. कंपनीने त्यांना सोडून दिलं. मग लाउड रेकॉर्ड्सकडून २५ एप्रिल १९९५ ला ‘द इन्फेमस’ आला, तेव्हा दोघंही वीस वर्षांचे होते. अल्बम बिलबोर्डच्या २०० च्या यादीत १५ व्या क्रमांकापर्यंत गेला आणि दोन महिन्यांत त्याला ‘गोल्ड’ प्रमाणपत्र मिळालं. हा प्रकार हार्डकोर रॅपचा. म्हणजे अंधारा, जड ठेका, रस्त्यावरच्या हिंसेचं थेट बोलणं, आणि रेडिओला चालावं म्हणून कुठे काही मऊ करायचं नाही.

(एक अवांतर. या अल्बममधलं सगळ्यात गाजलेलं गाणं ‘शूक वन्स, भाग दोन’. त्यातला तो भीतिदायक तुकडा हर्बी हॅनकॉकच्या १९६९ च्या एका संथ पियानो रचनेतून घेतलाय, हे श्रोत्यांना २०११ साली कळलं. सोळा वर्षं लोक कान लावून शोधत होते, आणि यातल्या कुणालाही पीएचडी मिळणार नव्हती.)

आता मॅडमचा प्रश्न. ‘द इन्फेमस’ यशस्वी कशावरून? तुम्ही म्हणाल, १५ वा क्रमांक आहे, गोल्ड आहे, झालं की! पण हे दोन पुरावे दोन वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. त्या काळात अमेरिकेत गोल्ड मिळायचं ते कंपनीने पाच लाख प्रती दुकानांकडे पाठवल्या म्हणून. पाठवल्या, खपल्या नव्हे. बिलबोर्डचा क्रमांक मात्र दुकानात गिऱ्हाइकाने विकत घेतलेल्या प्रतींवर ठरायचा, तोही त्या एका आठवड्यातल्या इतर अल्बमच्या तुलनेत. पंधरावा म्हणजे चौदा जण पुढे होते एवढंच कळतं. किती प्रती, ते कळत नाही. एक आकडा पुरवठ्याचा, दुसरा स्पर्धेतल्या जागेचा. आपण दोन्हींना ‘यश’ म्हणून मोकळे होतो.

कोर्सवर्कमध्ये कार्यकारी व्याख्या नावाचं प्रकरण असतं, आणि आपण ते दहा मार्कांसाठी पाठ करतो. ती व्याख्या म्हणजे एवढंच : मी जो शब्द वापरतोय तो प्रत्यक्षात मी कशाने मोजणार, हे आधी लिहून द्यायचं. ‘यश म्हणजे श्रोत्यांनी दिलेली दाद’ ही कार्यकारी व्याख्या नाही. ‘प्रसिद्धीनंतर पहिल्या वर्षात पैसे देऊन घेतलेल्या प्रती’ ही आहे. ती अपुरी असेल, पण भांडता येईल इतकी स्पष्ट आहे.

आता खरी मजेची गोष्ट. बिलबोर्डने २५ मे १९९१ च्या अंकापासून अल्बमच्या यादीसाठी साउंडस्कॅनची आकडेवारी घ्यायला सुरुवात केली. त्याआधी काय चालायचं, तर दुकानांना फोन जायचे आणि या आठवड्यात काय जास्त खपलं ते दुकानदार क्रमाने सांगायचा. अंदाजाने, आठवणीने, कधी कंपनीच्या माणसाशी असलेल्या दोस्तीखात्याने. साउंडस्कॅनने काउंटरवरचा बारकोड मोजायला सुरुवात केली. महिन्याभरात एन. डब्ल्यू. ए. या रॅप गटाचा नवा अल्बम यादीत आला तो थेट दुसऱ्या क्रमांकावर, आणि पुढच्या आठवड्यात पहिल्या. रेडिओवर हा गट जवळपास वाजतच नव्हता. कंट्री संगीताचंही तेच झालं, तेही अचानक वर दिसायला लागलं.

आता सांगा, त्या महिन्यात अमेरिकेतल्या लोकांची आवड बदलली का? नाही. मोजपट्टी बदलली. लोक आधीपासूनच विकत घेत होते, फक्त दुकानदाराच्या तोंडी ते येत नव्हतं. हे वाचलं तेव्हा मी अक्षरशः लायब्ररीतून उठून चहाला गेलो. कारण ‘१९९१ नंतर रॅपची लोकप्रियता वाढली’ असं वाक्य मी माझ्या पहिल्या मसुद्यात एका पुस्तकावरून सरळ उतरवलं होतं. त्यात वाढ किती आणि मोजणीतला फरक किती, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. संशोधनाच्या भाषेत हा सप्रमाणतेचा प्रश्न : तुमचं साधन तुम्ही म्हणता तेच मोजतंय का? हार्डकोर रॅपचं यश रेडिओवर किती वेळा वाजलं यावरून मोजाल तर तो नापासच होणार. तो रेडिओसाठी केलेलाच नाही.

आणि बारकोडही काही देवाचा न्याय नव्हता. सुरुवातीला साउंडस्कॅनचा भर मोठ्या साखळी दुकानांवर होता. गल्लीतल्या दुकानात, रस्त्यावर, हातोहात खपलेली कॅसेट त्यात येणार कुठून?

इथून आपण गावाकडे येऊ.

भारतात तुम्हाला मॉब डीपसारखी जोडी शोधायची असेल तर पहिलं नाव सुचतं मुंबईच्या डिव्हाईन आणि नेझीचं. एक अंधेरीच्या जे. बी. नगरचा, दुसरा कुर्ल्याचा. २०१५ साली दोघांचं ‘मेरे गली में’ आलं, त्यावरून वाट पुढे २०१९ च्या ‘गली बॉय’पर्यंत गेली. पण या जोडीने मिळून अल्बम केलाच नाही. डिव्हाईनचा पहिला अल्बम ‘कोहिनूर’ आला २०१९ च्या ऑक्टोबरात, नेझीचा ‘मगरेब’ २०२० मध्ये, दोन्ही वेगवेगळे. म्हणजे मी ‘यशस्वी अल्बम’ हे एकक अमेरिकेतून उचलून आणलं होतं आणि इथे ते बसतच नव्हतं. इथे नाव झालं ते एकेका व्हिडिओवर. विश्लेषणाचं एकक चुकलं की पुढची सगळी आकडेमोड व्यर्थ, भले एसपीएसएस कितीही सुंदर तक्ते काढून देवो.

व्ह्यूजचं म्हणाल तर तोही आकडा सरळ नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये आपल्याच शहरातल्या एका रॅपरच्या राजकीय गाण्यावरून गुन्हा दाखल झाला आणि ते गाणं सगळ्या वर्तमानपत्रांत पोचलं. ते विकायला काढलेलं नव्हतंच. त्यानंतर ज्यांनी ते उघडून पाहिलं त्यांत रसिक किती, बातमी वाचून आलेले किती आणि नुसते कुतूहलवाले किती? काउंटर सगळ्यांना सारखंच मोजतो.

मग मला आमच्या घरची कॅसेटची पेटी आठवली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, आनंद आणि मिलिंद शिंदे (ही पण जोडीच की!). पीटर मॅन्युएल यांचं ‘कॅसेट कल्चर’ हे १९९३ चं पुस्तक उत्तर भारताबद्दल आहे, पण वाचताना सारखं मराठवाडा दिसतो. कॅसेट स्वस्त झाली, छोट्या कंपन्या निघाल्या, मोठ्या कंपनीची मक्तेदारी मोडली आणि ज्यांची गाणी रेकॉर्डवर कधी आली नसती त्यांची गाणी घराघरांत गेली. सोबत नकली कॅसेटचा धंदाही फोफावला. त्या नकली प्रतींची नोंद कोणत्या यादीत आहे? १४ जानेवारीला नामविस्तार दिनी विद्यापीठ गेटसमोर उभे राहा. पुस्तकांच्या स्टॉलमधून वाट काढताना चार दिशांनी चार गाणी कानावर येतात. व्यावसायिक यशाचा याहून धडधडीत पुरावा मला माहीत नाही, पण बिलबोर्डसारख्या यादीत यातलं काहीच नाही. आपल्याकडे प्रत्येक दुकानातला खप मोजणारं साउंडस्कॅन कधी झालंच नाही.

म्हणून शीर्षकातून ‘यशस्वी’ काढून टाकू का, असं मी गाईडना विचारलं. ते म्हणाले, काढलास तर सुटलास, पण मग प्रश्नच गेला. मी काढला नाही. नव्या सिनॉप्सिसमध्ये अडीच पानं फक्त त्या शब्दावर आहेत. ‘यश’ ऐवजी ‘प्रसार’ हा शब्द घेतला, आणि तो तीन ठिकाणी मोजायचं ठरवलं : ऑनलाईन व्ह्यूज, जयंती आणि मिरवणुकीत डीजेने प्रत्यक्ष वाजवलेली गाणी, आणि मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्डात भरून दिली जाणारी गाणी. तीन यादींची एकमेकींशी तुलना करायची, बेरीज नाही. या तीन वेगळ्या वस्तू आहेत. या वेळी मॅडमनी विचारलं, “डीजेचं कसं मोजणार?” मी वहीचा नमुना दाखवला : वेळ, चौक, गाणं, किती मिनिटं. मंजुरी मिळाली.

तुमचा विषय संगीत नसेलही. ‘यशस्वी बचतगट’, ‘लोकप्रिय कादंबरी’, ‘प्रभावी अध्यापन’, काहीही असो. त्या विशेषणाखाली रेघ मारा आणि शेजारी लिहा : हे मोजलं कुणी, कुठे उभं राहून, आणि त्याला तिथून काय दिसलं नसेल.

पायलट स्टडीसाठी मी टीव्ही सेंटरकडच्या एका मोबाईलवाल्याकडे बसलो होतो. दादाने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. फोल्डर होते ‘भीमगीते’, ‘हळद’, ‘वरात’, ‘कव्वाली’, ‘जुनी हिंदी’, ‘राडा’. रॅप नावाचं फोल्डर नव्हतं. विचारलं तर म्हणाला, “रॅप असं कोण मागतं का भाऊ? ती पोरं ‘राडा’ मागतात.” माझी नमुना-पत्रिका त्याच संध्याकाळी परत टाईप केली.