आडात होते म्हणून पोहऱ्यात आले



फेब्रुवारीच्या पगाराचा कागद घरी पलंगावर पडला होता. माझ्या आईने तो उचलून डोळ्यांजवळ धरला. तिचे वय आता अठ्ठ्याहत्तर. अक्षरे तिला उतारवयात आली, पण आकडा बरोबर वाचते. म्हणाली, "बापू, दर महिन्याला दोनशे कापतेत, अन् ह्या महिन्यात तीनशे. कशाचे रं?"

मी म्हणालो, "आई, बहात्तर साली तू खडी फोडलीस ना, तसल्या कामाचे."

तिला वाटले मी चेष्टा करतो. पण ती चेष्टा नव्हती. या कपातीला व्यवसाय कर म्हणतात. वर्षाकाठी २,५०० रुपये होतात. हा कर का बसला आणि त्याचा तुमच्या शिवाराशी काय संबंध, हे आज समजावून घेऊ. सरकारचा जमाखर्च हा मुंबईच्या साहेबांचा विषय आहे असे आपण समजतो. तसे नाही. तो आपल्या चुलीपर्यंत येतो.

खुशीचे काम आणि हक्काचे काम

१९७२ साली आपल्या मराठवाड्यात पावसाने पाठ फिरवली. त्याच्या आधीची वर्षेही धड नव्हती. आमचे गाव पैठण तालुक्यात. विहिरी आटल्या, जनावरे कवडीमोलाने गेली. आई रस्त्याच्या कामावर जाई. मी दोन वर्षांचा, बाभळीच्या फांदीला बांधलेल्या झोळीत. कामावर सुकडी मिळे, तीच दोघांचे जेवण. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर अशा कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती.

ही दुष्काळी कामे होती. सरकारने काढली तर काम, नाही काढले तर नाही. मजुराने मागावे आणि सरकारने दिलेच पाहिजे, असे बंधन नव्हते.

असे बंधन असावे, हा विचार मांडला तो विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी. त्यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे तसा प्रयोग करून पाहिला होता. १ मे १९७२ पासून राज्यात रोजगार हमी योजना सुरू झाली, पण त्याच वर्षी दुष्काळ पडला आणि दुष्काळी कामांपुढे ती मागे राहिली. दुष्काळ सरल्यावर ती पुन्हा उभी राहिली. तेव्हा खरा प्रश्न पुढे आला: पैसा कोठून आणायचा?

आधी पैसा, मग वचन

आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? लग्न ठरवण्याआधी आपण कणगी पाहतो. सरकारनेही तेच केले. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. नोकरदार, व्यापारी, डॉक्टर, वकील अशा कमावत्यांवर हा कर बसला. त्याचा मोठा वाटा मुंबईसारख्या शहरांतून येई. विक्रीकरावर आणि मोटार वाहनांवर जादा कर आला. बागायती जमिनीवरही खास आकार बसला. म्हणजे ज्याच्या विहिरीला पाणी, त्याने कोरडवाहू भावासाठी थोडे द्यायचे. या करांतून जेवढी रक्कम येईल, तेवढीच भर राज्य सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची.

मग रोजगार हमीचा कायदा आला. डिसेंबर १९७७ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी तो एकमताने संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. अंगमेहनतीचे काम मागणाऱ्या प्रौढ माणसाला पंधरा दिवसांत काम द्यावे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा, असे त्यात लिहिले होते. काम मागण्याचा असा हक्क कायद्याने देणारे आपले राज्य देशात पहिले.

क्रम लक्षात घ्या. कर आधी, वचन नंतर.

या कायद्यातली आणखी एक गोष्ट शेतकऱ्याला लगेच पटेल. सरकारी खात्याचा पैसा मार्चअखेर खर्च झाला नाही तर परत जातो. म्हणून मार्चमध्ये कशी घाई चालते ते तुम्ही पाहता. रोजगार हमीचा निधी मात्र वेगळा ठेवला होता. उरलेला पैसा बुडायचा नाही, पुढच्या वर्षासाठी शिल्लक राहायचा. पाऊसपाणी बरे झाले की लोक आपल्या शेतात राबतात, सरकारी कामावर कमी येतात. त्या वर्षी वाचलेले वाईट वर्षाला उपयोगी पडावे. आपले पूर्वज ज्वारीचे पेव भरून ठेवत, तोच हा हिशोब.

शिवारात काय उरले

या पैशातून पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, विहिरी झाल्या. काही कामे कागदावरच राहिली, काही बांध पहिल्याच पावसात वाहून गेले, हेही सांगितले पाहिजे. पण जे चांगले झाले ते आजही पाणी धरते. १९९० पासून फळबाग लागवड या योजनेला जोडली गेली. मी शेती खात्यात लागलो तेव्हा तरुण विस्तार अधिकारी म्हणून मोसंबीच्या खड्ड्यांची आखणी करून देत हिंडत होतो. शेतकऱ्याने आपल्याच रानात खड्डे खोदायचे, कलमे लावायची आणि त्याची मजुरी योजनेतून घ्यायची. पैठणची मोसंबी, आपल्याकडचा केशर आंबा यांच्या वाढीला या योजनेचा हात लागला आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात त्यातल्या कितीतरी बागा डोळ्यांदेखत वाळल्या, तो भाग वेगळा.

पेवाला भोक कोठे पडले

कायदा चांगला असून भागत नाही. कररूपाने गोळा झालेली सारी रक्कम निधीत वळती केली गेली नाही, असे ताशेरे महालेखापरीक्षकांनी ओढले. पैसा जमला, पण पेवापर्यंत सगळा पोचला नाही. पुढे २००५ साली केंद्राने सबंध देशासाठी कायदा केला. त्यासमोर महाराष्ट्राचाच नमुना होता. अकुशल मजुरीचा भार केंद्राने घेतला, तो वर्षाला कुटुंबामागे १०० दिवसांपुरता. त्यापुढचे दिवस राज्याने सांभाळायचे ठरले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात १२५ दिवसांची हमी आहे, आणि आपल्यासारख्या राज्याने खर्चाचा ४० टक्के वाटा उचलायचा आहे. म्हणजे राज्याच्या आडात किती पाणी आहे, हा जुना प्रश्न पुन्हा दारी आला. व्यवसाय कर तर आजही कापला जातोच.

तुम्ही काय करावे

मागे एका गावी ग्रामसभेला गेलो होतो. दहा-बारा बाया उठल्या आणि म्हणाल्या, दोन महिने काम मागतोय, कोणी देत नाही. मी विचारले, अर्ज कोठे आहे? अर्ज नव्हता. तोंडी मागितले होते. कागद नाही, म्हणून तारीख नाही. तारीख नाही, म्हणून पंधरा दिवस कधी भरले ते सांगता येईना. हक्क होता, पण पुरावा नसल्याने तो हवेत गेला.

म्हणून काम मागायचे ते लेखी मागा. अर्जाची पोच तारीख घालून, सही-शिक्क्यासह घ्या आणि पत्र्याच्या पेटीत जपून ठेवा. घरातल्या बाईच्या नावेही अर्ज करा. मजुरीचा दर बाई-बाप्याला एकच आहे.

दुसरे, कोणी पुढारी गावात येऊन नवी योजना जाहीर करील तेव्हा टाळी वाजवण्याआधी दोन गोष्टी विचारा. पैसा कोणत्या करातून येणार? आणि तो वेगळा ठेवणार की सगळ्यांच्या ढिगात टाकणार? उत्तर मिळाले नाही तर ते वचन उधारीचे समजा.

तिसरे, हाच प्रश्न आपल्या ग्रामपंचायतीलाही लागू आहे. घरपट्टी थकवायची आणि दिवाबत्ती का नाही म्हणून ओरडायचे, हे शोभत नाही. पट्टी भरा, आणि भरलेल्या पैशाचा हिशोब ग्रामसभेत उभे राहून मागा. भरणाऱ्याला विचारण्याचे बळ येते.

हे सगळे मी आईला सांगितले. तिने कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. म्हणाली, "कापू दे बाबा. मातर रानातल्या बाईपोतर पोचतेत का, तेवढं बघ."