औषधाला न जुमानणारे जीवाणू

सर्दी झाली की आपल्या कोगनोळीतही कुणी ना कुणी प्रतिजैविकाची गोळी मागतोच. सर्दी विषाणूमुळे होते. त्याला ही गोळी काहीच करत नाही. पोटातले साधे जीवाणू मात्र मरतात आणि चिवट तेवढे उरतात.

हा चिवटपणा येतो कुठून? पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ पासून बनू लागलेले पेनिसिलीन घेऊ. त्याच्या रेणूत चार अणूंचे एक कडे असते. त्याच्या जोरावर ते जीवाणूची भिंत बांधण्याचे काम बंद पाडते. काही जीवाणू बीटा-लॅक्टमेज नावाचे विकर तयार करून नेमके तेच कडे फोडतात. विकराची कृती जनुकात असते. हे जनुक बऱ्याचदा डीएनएच्या सुट्या वर्तुळावर असल्याने दुसऱ्या जातीच्या जीवाणूलाही देता येते, शेजाऱ्याच्या वहीतून गणित उतरवावे तसे!

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात २००९ साली कार्बापेनेम या राखीव औषधांनाही दाद न देणारे जीवाणूंचे २४ नमुने तपासले. त्यांपैकी २२ मध्ये एनडीएम-१ हे विकर निघाले. (नावात नवी दिल्ली आहे, त्यावरून वादही झाला.) अशा रुग्णासाठी डॉक्टरांच्या हाती फार थोडी औषधे उरतात.

मार्च २०१४ पासून अशा औषधांची विक्री दुकानदाराला वहीत नोंदवावी लागते. त्याने डॉक्टरांची चिठ्ठी मागितली तर पालकांनी रागावू नये, ही आमची विनंती.