मोटारीचा पिवळा दिवा काय सांगतो?

मोटारीची चावी फिरवली की समोर इंजिनाच्या चित्राचा एक पिवळा दिवा लागतो आणि इंजिन सुरू झाले की विझतो. तो विझला नाही तर आपल्याकडे दोन उपाय सर्रास होतात. एक म्हणजे दुर्लक्ष. दुसरा, बॅटरीची वायर काढून थोड्या वेळाने पुन्हा लावणे. हे दोन्ही माझे करून झाले आहेत, म्हणूनच त्याविषयी बोलतो आहे.

मी परळला राहतो. उमेदीची वर्षे गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात गेली. माझी मोटार २००३ सालची, पेट्रोलवरची. धाकट्या बहिणीला उपचारांसाठी आठवड्यातून पाच दिवस रुग्णालयात नेण्याआणण्याचे काम या मोटारीवर होते. २९ ऑगस्ट २०१७ चा पाऊस मुंबईकर विसरले नसतील. हिंदमाताला पाणी तुंबणे ही आम्हा परळकरांना काही नवलाई नाही, पण त्या दिवशी ते आमच्या गल्लीत शिरले आणि उभ्या गाडीच्या बॉनेटपर्यंत चढले.

गाडी वाळवली, तेल बदलले, ती चालू लागली. महिन्याभराने मात्र पेट्रोल पिऊ लागली. मागून काळा धूर, आत पेट्रोलचा वास आणि पीयूसीत नापास. दिवा तेवढा लागत नव्हता. तो लागला आणखी काही आठवड्यांनी. मेकॅनिकने बॅटरीची वायर काढली, लावली. दिवा विझला, दोन दिवसांनी पुन्हा हजर. मग निदान झाले, “काका, कॉम्प्युटर गेला.” त्याची किंमत ऐकून मी खालीच बसलो. पुढच्या वर्षी गाडीला पंधरा वर्षे पूर्ण होऊन नोंदणीचे नूतनीकरण व्हायचे होते. एवढे पैसे घालावेत की गाडी भंगारात द्यावी? आणि बहिणीला रोज टॅक्सीने न्यायचे कसे?

आता हा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएम, काय करतो ते पाहू. इंजिनावर ठिकठिकाणी सेन्सर बसवलेले असतात. कोणी पाण्याचे तापमान सांगतो, कोणी हवेचा दाब, कोणी धुरातला ऑक्सिजन. त्यावरून ईसीएम पेट्रोल किती सोडायचे ते ठरवतो. एखाद्या सेन्सरकडून अशक्य वाटणारा आकडा आला की तो दिवा लावतो आणि त्या तक्रारीचा क्रमांक स्मरणात ठेवतो. हाच दोषाचा कोड. बॅटरी काढली की त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत हे स्मरण पुसले जाते. म्हणजे पंचनामा होण्याआधीच पुरावा नाहीसा.

अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना सोळा छिद्रांचे एकच सॉकेट आणि एकच कोडभाषा सक्तीची झाली. आपल्याकडे ही निदानपद्धत भारत स्टेज चारबरोबर एप्रिल २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली. तिचा दुसरा, अधिक कडक टप्पा एप्रिल २०१३ चा. त्यामुळे २००० ते २०१० मधल्या पुष्कळ गाड्या अधल्यामधल्या. कॉम्प्युटर आहे, पण बोली ज्या त्या कंपनीची. भाच्याने मोबाइलला जोडायचे यंत्र आणले होते, त्याच्याशी माझी गाडी एक अक्षर बोलली नाही.

पण अशा कित्येक गाड्यांत कोड दिव्यातूनच वाचता येतो. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये निदानाच्या कपलरची जागा दिलेली असते. चावी बंद ठेवून त्यातली सांगितलेली दोनच टोके वायरच्या तुकड्याने जोडायची, मग इंजिन सुरू न करता चावी फिरवायची. अंदाजाने कुठल्याही छिद्रात वायर खुपसू नये, एअरबॅगच्या कपलरला तर हातही लावू नये. दिवा उघडझाप करू लागतो. एकदा, थोडे थांबून दोनदा, म्हणजे १२. सुझुकी पद्धतीच्या त्या काळच्या गाड्यांत १२ म्हणजे तक्रार नाही. माझ्या गाडीने एकदा आणि मग चारदा डोळे मिचकावले. १४. असे तीनदा. कोष्टकात पाहिले तर पाण्याच्या तापमानाचा सेन्सर.

इथे बरेच लोक सेन्सर विकत आणतात. मीही निघालो होतो, पण गिरणी आठवली. ऑटोमॅटिक साच्यावर ताण्याची तार तुटली की पत्ती खाली पडायची आणि साचा थांबायचा. पण तार का तुटली, हे पत्ती सांगत नसे. ते साचेवाल्यालाच शोधावे लागे. कोडचेही तसेच. १४ म्हणजे सेन्सर खराब असे नव्हे; ईसीएमपासून सेन्सरपर्यंतच्या वाटेत कुठेतरी बिघाड आहे, एवढेच.

हा सेन्सर थंड असताना जास्त रोध दाखवतो, तापला की कमी. मीटर लावून पाहिले. थंड असताना सुमारे अडीच हजार ओहम, उकळत्याच्या जरा अलीकडच्या पाण्यात बुडवल्यावर तीनशेच्या आसपास. म्हणजे सेन्सर ठणठणीत! मग त्याचा कनेक्टर उघडला, तर आत हिरवी भुकटी आणि एक पिन कुजून तुटलेली. पुराच्या पाण्याची करणी.

तेव्हा सगळा उलगडा झाला. पिन कुजत असताना रोध हळूहळू वाढत होता. ईसीएमला वाटे, इंजिन अजून थंडच आहे, म्हणून तो जादा पेट्रोल सोडी. पण असे थंड इंजिन अशक्य नसते, त्यामुळे दिवा नाही की कोड नाही. पिन पुरती तुटली तेव्हा कुठे त्याला संशय आला. दिवा लागला नाही म्हणजे सारे आलबेल, हा आपला समज किती भाबडा आहे पाहा.

जुन्या बाजारातून कनेक्टर आणला, वायर डाख देऊन जोडली, नळी चढवली. मग बॅटरीची वायर काढून जुना कोड पुसला. आता पुसायला हरकत नव्हती. चार दिवस गाडी चालवून पुन्हा दिव्याला विचारले. एकदा, थोडे थांबून दोनदा.

पीयूसी पास झाली. सोमवारी रुग्णालयात जाताना बहीण म्हणाली, “दादा, आज मळमळलं नाही रे. तो वास गेला वाटतं.”