वकिलांवर नजर कोणाची?

घरांत वाटणीचा वा भाडेकरूचा दावा चालू असला म्हणजे साऱ्या कुटुंबाची भिस्त वकिलाच्या सचोटीवर असते. त्या सचोटीवर नजर ठेवण्याचें काम १९६१ च्या ॲडव्होकेट्स कायद्यानें राज्याच्या बार काउन्सिलकडे दिलें आहे. महाराष्ट्र व गोवा यांच्या काउन्सिलचे सभासद वकीलच निवडून देतात. चोराच्या हातीं जामदारखान्याच्या किल्ल्या, असें आमचे एक स्नेही म्हणत. आम्हांसही तसेंच वाटे.

परंतु एका खटल्यानें आमचें मत पालटलें. मुंबईच्या फौजदारी न्यायालयाच्या दारांत कांहीं वकील पक्षकारांवर अक्षरशः झडप घालीत, कागद हिसकावीत, प्रसंगीं आपसांत झोंबतही. महाराष्ट्राच्या काउन्सिलनें चौकशी करून त्यांस दोषी ठरविलें. अखिल भारतीय काउन्सिलच्या समितीनें तो निर्णय फिरविला. तेव्हां महाराष्ट्राची काउन्सिल स्वतःच सर्वोच्च न्यायालयांत गेली. तुमचें यांत काय बिघडलें, असा आक्षेप निघाला. १९७५ सालीं सात न्यायमूर्तींनीं ठरविलें कीं, व्यवसायाचें शील राखणें हें जिचें कर्तव्य, तिलाही दाद मागण्याचा अधिकार आहे.

तक्रारीची चौकशी तिघांची समिती करते. ताकीद, कांहीं काळ वकिलीस बंदी, किंवा पटावरून नांव काढणें, अशा शिक्षा आहेत. वर्षांत निकाल न लागल्यास प्रकरण अखिल भारतीय काउन्सिलकडे जातें. केवळ दावा हरलों, ही मात्र तक्रार नव्हे! आणि पुरावा लागतो. आमच्या वडिलार्जित घराचें खरेदीखत एका वकिलाकडे अडकलें, तेव्हां आम्हांपाशीं साधी पावतीही नव्हती.